मूल कोणत्या भाषेत सांगणार?

'मारले' असे आपण घरात सहसा म्हणत नाही. आपल्याकडे धपाटा असतो, चापट असते, रट्टा असतो. कधी 'चौदावे रत्न' दाखवले जाते, कधी 'प्रसाद' मिळतो, कधी पाठ मऊ केली जाते. शेजारच्या कन्नड घरात 'एटु' बसतो. मराठीतले 'बडवणे' आणि कन्नडमधले 'बडि' तर कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. मुलांना वळण लावण्याची घाईही दोन्हीकडे सारखीच. 'गिडवागि बग्गद्दु मरवागि बग्गीते?' ही म्हण आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? रोप असताना जे वाकले नाही ते झाड झाल्यावर वाकेल का, असा तिचा सवाल. मराठीत छडी आणि विद्येची जोडी १९५३ सालच्या 'श्यामची आई' या चित्रपटातल्या गाण्याने घराघरात पोचवली आणि ती आजही मोठ्यांच्या ओठांवर आहे.

मारणाऱ्याकडे शब्दांची अशी श्रीमंती. आता मार खाणाऱ्याकडे काय आहे ते पाहावे. 'मला मारलं', 'मला त्रास दिला', 'मला तिथं जायचं नाही'. संपले. आणि मार नसून दुसरेच काही घडले असेल, कोणी नको तिथे हात लावला असेल, तर बहुतेक मुलांपाशी तेवढेही शब्द नसतात. शरीराच्या काही भागांना आपण घरात नावच देत नाही. ते 'तिथे' असते, 'खाली' असते. ज्याला नाव नाही त्याबद्दल तक्रार कशी करायची, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला पडतो आणि ते गप्प बसते.

शहरातल्या मुलांवर होणाऱ्या हिंसेबद्दल बोलायचे तर सुरुवात या गप्प बसण्यापासून करायला हवी. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत तर तिथूनच.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही आपली दोन्ही शेजारी राज्ये होती. तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मार बसत असल्याचे त्यात आढळले. घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत शिक्षा झाल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास भोगल्याचे सांगितले. त्यातले बरेच त्रास देणारे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

हा अभ्यास आता जुना झाला. पण पुढच्या वर्षांतली पोलीस दप्तराची नोंदही दिलासा देणारी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात मुलांवरील गुन्ह्यांची संख्या १,६२,४४९ होती. आदल्या वर्षीपेक्षा ती सुमारे पावणेनऊ टक्क्यांनी जास्त. नोंदी वाढल्या यात एक चांगलीही बाजू असते. पूर्वी दाबून टाकले जायचे ते थोडेफार बाहेर येऊ लागले आहे. तरी जे पोलीस ठाण्यापर्यंत पोचत नाही त्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नसतो.

शहरात हे अधिक लपते. जुन्या गल्लीत एका घरात मूल रडले तर चार दारे उघडायची. कोणी आजी उंबऱ्यावर येऊन 'पुरे कर गं, मारून टाकतेस काय पोराला' असे खडसावायची. आता दारे बंद आणि टीव्ही चालू. आईवडील दोघेही कामावर. मूल शाळेतून रिक्षाने शिकवणीला, शिकवणीतून कराटेला, तिथून शेजाऱ्यांकडे. दिवसभरात त्याच्यावर ताबा असणारी पाच-सहा मोठी माणसे, आणि त्यातल्या निम्म्यांची आपल्याला नावानेही नीट ओळख नसते.

शाळेतली छडी

शाळेतल्या शिक्षेबाबत कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. पट्टीने हाताच्या पेरांवर मारणे, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे हे तर त्यात आलेच. पण सगळ्या वर्गासमोर आईबापावरून, जातीवरून, बोलीवरून हिणवणे हेही मानसिक छळातच मोडते. आपल्या भागात हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. कन्नड शाळेत मराठी वळणाचा उच्चार आला म्हणून किंवा मराठी शाळेत बोलताना कन्नड शब्द निसटला म्हणून ज्या मुलाचे हसे होते, ते मूल पुढे शाळेत तोंडच उघडत नाही. अशा मुलावर उद्या काही प्रसंग आला तर ते तरी कोणाला सांगणार?

मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने मारहाण केली, उपाशी ठेवले, विनाकारण क्लेश दिले, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरातल्या साध्या माराला मात्र आपल्याकडे थेट बंदी नाही. स्वीडनने अशी बंदी १९७९ मध्ये घातली, असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे तो निर्णय अजून घराघरातच व्हायचा आहे.

आईवडील दुष्ट असतात म्हणून मारतात असे नाही. दिवसभराचा शीण, पैशाची ओढाताण, सासर-माहेरचे ताण, परीक्षेतले गुण यांचा राग बहुतेक वेळा सर्वांत लहान माणसावर निघतो, कारण ते उलट मारत नाही. पण मुलाच्या बाजूने याचा अर्थ वेगळाच लागतो. ज्याचे आपल्यावर प्रेम आहे तो आपल्याला मारू शकतो आणि ते कोणाला सांगायचे नसते, हा धडा ते घरातच शिकते. उद्या 'मी तुझ्यावर माया करतो, पण हे कोणाला सांगू नकोस' असे म्हणणारा कोणी भेटला, की तोच धडा त्याच्या कामी येतो.

ओळखीचा माणूस

आपण मुलांना अनोळखी माणसाची भीती घालतो. झोळीवाला येईल, पकडून नेईल. प्रत्यक्षात पोलिसांकडे आलेल्या बाल लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. तो नातलग, शेजारी, शिकवणारा, ने-आण करणारा किंवा शाळेतला कर्मचारी असतो.

जुलै २०१४ मध्ये बंगळुरूतल्या एका खाजगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि पालक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींच्या बाबतीत तेच घडले. एकीने घरी दुखत असल्याचे सांगितले, दुसरी शाळेत जायला घाबरू लागली. या दोन खुणांवरून पालकांना संशय आला. तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांकडून विलंब झाला, २० ऑगस्टला संतप्त लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. एक घटना कर्नाटकातली, दुसरी महाराष्ट्रातली, मधे दहा वर्षे. सीमा ओलांडून दोन्हीकडे प्रश्न एकच उरला, की मोठ्यांनी ऐकायला इतका वेळ का लावला?

लहान मूल 'माझ्यावर अत्याचार झाला' असे वाक्य कधीच बोलत नाही. ते म्हणते, पोटात दुखतंय. ते म्हणते, त्या काकांच्या रिक्षात बसणार नाही. ते अंथरूण ओले करू लागते, नखे खाते, एकाएकी आईला चिकटून राहते. यातल्या प्रत्येक खुणेमागे असलेच काही असते असे अजिबात नाही. पण प्रत्येक खुणेनंतर मुलाजवळ शांत बसून 'काय झालं ते सांग, मी रागावणार नाही' एवढे म्हणायला काहीच खर्च येत नाही.

अण्णा कोण, आप्पा कोण?

आता खास आपल्या घरांचा प्रश्न. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातली पुष्कळ मुले घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत यातली एक किंवा इंग्रजी आणि टीव्हीसमोर हिंदी, अशी वाढतात. हे भाग्यच आहे. पण संकटाच्या वेळी मूल आपल्या सर्वांत जवळच्या भाषेत बोलते आणि कागद मात्र दुसऱ्या भाषेत लिहिला जातो. कर्नाटकातल्या ठाण्यात 'प्रथम वर्तमान वरदी', म्हणजे पहिली खबर, सामान्यतः कन्नडमध्ये लिहिली जाते.

नात्यांची हाकच घ्या. मराठी घरातले मूल म्हणाले, 'आप्पांनी मला मारलं.' त्याचे आप्पा म्हणजे आजोबा असतील, वडिलांचे थोरले भाऊ असतील, नाही तर गल्लीतले एखादे वयस्क गृहस्थ. कन्नडमध्ये 'अप्पा' म्हणजे वडील. लिहिणाऱ्याने विचारले नाही तर कागदावर मारणारा बदलला. 'अण्णा'चेही तसेच. काही मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात. कन्नडमध्ये तो थोरला भाऊ, आणि दुकानदारापासून बसच्या कंडक्टरपर्यंत कोणीही अण्णाच. उत्तर कर्नाटकातल्या अनेक कन्नड घरांत 'आयी' म्हणजे आजी, आपल्याकडे 'आई' म्हणजे आई. 'काका' तर दोन्ही भाषांत शाळेच्या रिक्षावाल्यापासून सख्ख्या चुलत्यापर्यंत सगळ्यांना पुरतो.

शरीराबाबत गोंधळ आणखी वाढतो. प्रत्येक घराने आपापले बाळबोध शब्द तयार केलेले असतात. एका घरातला शब्द शेजारच्या घरात कळत नाही, मग दुसऱ्या भाषेत काय कळणार? 'मस्ती केली', 'घाण केलं', 'त्रास दिला' यांचे कन्नडमध्ये सरळ 'तोंदरे कोट्टा' असे झाले, की चिडवण्यापासून गंभीर गुन्ह्यापर्यंत काहीही त्यात मावते. पुढे न्यायालयात याच एका शब्दावर उलटतपासणी होते.

कायद्याने दिलेला दुभाषा

हा धोका कायदा करणाऱ्यांनी ओळखला होता. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, म्हणजे 'पोक्सो' कायदा २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, अमलात आला. अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. मुलाने दिलेली खबर त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहावी, आणि लिहिण्याची भाषा मुलाला कळत नसेल तर त्याला दुभाषा द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे जबाबाच्या वेळी आणि न्यायालयातही ही मदत मिळू शकते. याचा अर्थ, 'आमच्या मुलाला कन्नड नीट येत नाही, दुभाषा हवा' असे म्हणणे ही मेहेरबानीची याचना नाही, भाषेचे राजकारण तर नाहीच. महाराष्ट्रात नोकरीसाठी गेलेल्या कन्नड कुटुंबाच्या मुलालाही मराठी ठाण्यात हाच हक्क आहे.

२०२० साली या कायद्याचे नवे नियम आले. दुभाषांची यादी जिल्हा बाल संरक्षण घटकाने ठेवायची आहे. दुभाषाला मुलाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोन्ही कामापुरत्या याव्यात. ती भाषा मातृभाषा म्हणून आलेली चालते, शाळेत शिकलेली चालते, व्यवसायातून किंवा ती बोलली जाते त्या भागात राहून आलेलीही चालते. दुभाषाने पक्षपात करू नये, आरोपीशी किंवा कुटुंबाशी संबंध असेल तर तो सांगावा, आणि मूल जे बोलले त्यात भर न घालता, काही न गाळता ते पोचवावे, अशी अट आहे.

या वर्णनात बसणारी माणसे सीमाभागात शोधावी लागत नाहीत. निवृत्त शिक्षिका, बँकेतून बाहेर पडलेले गृहस्थ, दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या गृहिणी आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. महिला मंडळांनी, वाचनालयांनी अशा पाच-दहा जणांची नावे जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे दिली तर दोन भाषांत जगण्याचे आपले रोजचे कसब एखाद्या मुलाच्या कामी येईल. दुभाषाचे मन मात्र घट्ट हवे. 'असं नसेल म्हणायचं तिला' असे म्हणून वाक्य सावरून घेण्याचा मोह त्याला आवरता आला पाहिजे.

याच कायद्याने इतरही सोयी केल्या आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते सांगेल त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब घेताना किंवा न्यायालयात मूल आरोपीच्या समोर येऊ नये याची काळजी घ्यायची असते. मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा छापायची नाही. आणि हो, गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही टाकायची नाही.

लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद. 'शाळेची बदनामी', 'घराण्याची अब्रू', 'मुलीचं पुढे लग्न कसं होणार' यांपैकी एकही सबब कायद्यात बसत नाही. उलट चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर त्या खबरीपायी कारवाई होत नाही, याची हमी तोच कायदा देतो.

सीमेपलीकडे घडले तर

आपली मुले सुटीत आजोळी जातात. मामाचे घर गडहिंग्लजला, चंदगडला, कोल्हापूरला, सावंतवाडीला असते. तिथे काही घडले आणि मुलाने ते परत आल्यावर सांगितले तर? 'तिकडचं प्रकरण तिकडे' म्हणून अनेक पालक गप्प बसतात. त्याची गरज नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ते ठाणे ती नोंदवून योग्य ठिकाणी पाठवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे लेखी आले आहे. 'पोक्सो' केंद्राचा कायदा असल्याने तो दोन्ही राज्यांत सारखाच. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही देशभर एकच. कर्नाटकात त्याला 'मक्कळ सहायवाणी' म्हणतात. तातडीचे असेल तर ११२.

आपण काय करू शकतो

मुलाला शरीराच्या सर्व भागांची साधी, सरळ नावे शिकवावीत, घरात बोलल्या जाणाऱ्या दोन्ही भाषांत. डोळा, कान, गुडघा शिकवतो तितक्याच सहजपणे. आंघोळ घालण्याची वेळ यासाठी सर्वांत चांगली.

नात्याच्या हाकेबरोबर माणसाचे नावही शिकवावे. नुसते 'काका' नको. रिक्षा चालवणाऱ्या काकांचे नाव काय, शिकवणीच्या सरांचे आडनाव काय, हे मुलाला माहीत असावे.

पाहुण्याला पापा द्यायची, कोणाच्या मांडीवर बसायची जबरदस्ती करू नये. नमस्कार पुरेसा आहे. 'नको' म्हणण्याची सवय घरातूनच लागते.

मूल काही सांगू लागले तर त्याच्याच शब्दांत ऐकावे. शब्द सुधारू नयेत, शुद्ध भाषेत वदवून घेऊ नये, दहा जणांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. त्याने जो शब्द वापरला तोच लगेच कागदावर लिहून ठेवावा, मग तो मराठी असो, कन्नड असो की घरातला बोबडा असो. 'तू तिथे गेलीसच कशाला' हा प्रश्न तर कधीच विचारू नये.

राग अनावर झाला तर मुलापासून बाजूला व्हावे. पाणी प्यावे, दुसऱ्या खोलीत जावे, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला पुढे करावे. हात उचलून झाल्यावर 'मी चुकले, मारायला नको होतं' असे मुलाला सांगण्यात आईचा मान कमी होत नाही, बापाचाही नाही.

आणि शेजारच्या घरातून रोज तोच आवाज येत असेल तर टीव्ही मोठा करू नये. एखादे निमित्त काढून दार वाजवावे. वाटीभर साखर मागावी, पोराला खेळायला बोलवावे, त्याच्या आईशी दोन शब्द बोलावेत. तेवढ्याने भागत नसेल तर १०९८ आहेच.

मूल कोणत्या भाषेत सांगेल हे आधी ठरवता येत नाही. ते मराठीत सांगेल, कन्नडमध्ये सांगेल, दोन्हींच्या मिश्रणात सांगेल, नाही तर नुसते गप्प बसून सांगेल. आपल्या घरांना दोन भाषांचे कान आहेत. ते उघडे ठेवण्याचे काम तेवढे मोठ्यांनी करायचे आहे.